दातातली कीड : एका शब्दाचा आणि एका उपचाराचा इतिहास

१

मराठीत दात 'किडतो'. धान्याला, कपाशीला, घराच्या वाशाला जी कीड लागते, तीच आपण दाताला लावली आहे. पुढे तीच समाजाला लावली, राज्यकारभाराला लावली. भ्रष्टाचाराची कीड हा शब्दप्रयोग तर अग्रलेखांतून इतका घासला गेला आहे, की त्यातला किडा आता कोणाला दिसतही नाही. शास्त्रीय परिभाषेत 'दंतक्षय' असा सोज्ज्वळ शब्द आहे खरा. पण दाढ ठणकू लागली की कोणी 'माझा दंतक्षय झाला आहे' असे म्हणत नाही. कीडच लागते, आणि डॉक्टरांनी ती 'काढावी' अशीच आपली अपेक्षा असते.

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दांचा प्रवास शोधणे हा आमच्या कामाचाच भाग आहे, तरी या शब्दाकडे आमचे लक्ष गेले ते वर्गात नव्हे, दवाखान्यात. आमच्यापैकी एकाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या खालच्या दाढेला काळा ठिपका दिसला. घरातल्या आजी म्हणाल्या, "अगं, दुधाचाच दात तो, पडायचाच आहे." बोलणे सर्वांनाच पटले. दोन महिन्यांनी एका पहाटे मुलीचा गाल सुजला, ताप चढला, आणि ती दाढ काढावी लागली. त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आम्ही ज्या गोष्टींचा विचार केला, त्यांतून हा लेख निघाला. मुलांच्या किडलेल्या दातांवर माणसाने आजवर काय काय केले, हे पाहू गेल्यास वैद्यकाच्या इतिहासाबरोबरच एका रूपकाचाही इतिहास हाती लागतो, आणि हे रूपक उपचारावर किती काळ हुकूम चालवत होते तेही कळते.

२

दातातल्या किड्याची वंशावळ फार जुनी आहे. बॅबिलोनियातील एका मृत्तिकालेखात त्याची जन्मकथाच सांगितली आहे. आकाशाने पृथ्वी निर्माण केली, पृथ्वीने नद्या, नद्यांनी कालवे, कालव्यांनी चिखल आणि चिखलाने किडा. हा किडा रडत रडत देवांपुढे जातो आणि विचारतो की मी खाऊ काय? देव त्याला पिकलेली फळे देऊ करतात. ती तो नाकारतो आणि दात व हिरडी यांच्यामध्ये जागा मागतो. कथेच्या शेवटी औषधाची कृती आणि मंत्र तीनदा म्हणण्याची सूचना आहे. म्हणजे हा मजकूर एकाच वेळी विश्वोत्पत्तीची कथा आहे, मंत्र आहे आणि औषधाची चिठ्ठीही आहे. दुखण्याला आरंभ हवा, मध्य हवा आणि शत्रू हवा, ही कथनाची गरज औषधाच्या गरजेइतकीच जुनी असल्याचे यावरून दिसते.

हा किडा एकट्या बॅबिलोनियाचा नव्हे. जपानी भाषेत किडलेल्या दाताला 'मुशिबा' म्हणतात. 'मुशी' म्हणजे किडा आणि 'बा' म्हणजे दात. चिनी भाषेतील बोलीतला शब्दही किड्याने पोखरलेला दात असेच सांगतो. जर्मन लोकांचा 'त्सानवुर्म' म्हणजे दातातला किडाच. हिंदीत दाताला 'कीडा' लागतो. एवढ्या दूरदूरच्या भाषांनी एकमेकींकडून हे रूपक उसने घेतले असेल असे मानण्याचे कारण नाही. लाकडाला पडलेले भोक आणि दाताला पडलेले भोक दिसायला सारखे असते. लाकडात किडा सापडतो, तेव्हा दातातही तो असणारच, असा सरळ अनुमानाचा मार्ग माणसाने जागोजाग स्वतंत्रपणे काढला असावा.

आपल्या परंपरेतील ग्रंथ या बाबतीत लोकसमजुतीपेक्षा अधिक सावध आहेत, हे नोंदवले पाहिजे. सुश्रुतसंहितेत 'कृमिदन्तक' या रोगाचे वर्णन आहे : काळा पडलेला, छिद्र असलेला, हलणारा, स्राव येणारा, सूज आणणारा, कारणावाचून ठणकणारा दात. रोगाच्या नावात कृमी आहे, पण कारण सांगताना सुश्रुत वाताचे नाव घेतो. वाग्भट पुढे जाऊन क्रम लावतो. दात आतून पोकळ होतो, त्या पोकळीत अन्नाचा मळ साठतो, तो कुजतो आणि त्या कुजण्यातून सूक्ष्म कृमी उत्पन्न होतात, असे त्याचे म्हणणे आहे. हे वाचून 'आमच्याकडे सगळे आधीच होते' अशी आरोळी ठोकण्याचा मोह टाळलेला बरा. वाग्भटाजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता आणि त्याचे कृमी म्हणजे आजचे जीवाणू नव्हेत. मात्र किडा बाहेरून येऊन दात पोखरतो हे लोकरूपक बाजूला ठेवून, अडकलेले अन्न आणि त्याचे कुजणे याकडे त्याने बोट दाखवले, हे निरीक्षण मोलाचे आहे. उपचारात मात्र त्यानेही पोकळीत गूळ किंवा मेण भरून डाग द्यायला सांगितले आहे. गोड पदार्थाने दाताचे छिद्र भरण्याच्या या उपायाकडे आज पाहताना हसू येते, पण डाग देताना तो पदार्थ वितळून पोकळीत बसावा हा त्यामागचा हिशेब असणार.

ग्रंथांबाहेर मात्र किड्याचेच राज्य होते. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने खुरासानी ओव्याच्या जातीच्या वनस्पतीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी तोंडात घ्यायला सांगितले. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतात. धुरी घेतल्यावर भांड्यातील पाण्यात पांढरे बारीक 'किडे' पडलेले दिसत, आणि रोग्याची खात्री पटे. हे किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतून बाहेर आलेले अंकुर असत. बियांतील द्रव्यांमुळे ठणका काही वेळ कमीही होत असेल. रोग्याला आराम मिळाला, पुरावा हाती आला आणि शत्रू मेला. गावातल्या जाणत्याला याहून चांगला उपचार कोणता हवा? जत्रेत आणि रस्त्याकडेला दातातून, कानातून किडे काढून दाखवणारे लोक आमच्या पिढीने लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

३

किड्याला पहिला मोठा धक्का पॅरिसमध्ये बसला. पियेर फोशार याचा दंतवैद्यकावरील दोन खंडांचा ग्रंथ १७२८ साली प्रसिद्ध झाला. किडलेले दात त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यांत त्याला किडे दिसले नाहीत, आणि ते तसे त्याने लिहून ठेवले. दातांच्या नाशात साखरेचा व गोड पदार्थांचा हात आहे असेही त्याने म्हटले. १७५७ साली जर्मनीत याकोब ख्रिस्टियान शेफर याने दातांतील 'काल्पनिक' किड्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. शास्त्राच्या दरबारात किड्यावरचा खटला येथे निकाली निघाला, असे म्हणता येईल.

पण किडा गेला म्हणून मुलांचे दुखणे गेले नाही. उलट युरोपात साखर जसजशी स्वस्त होत गेली, तसतसे ते वाढले. ब्रिटनने १८७४ साली साखरेवरील कर रद्द केला. जी वस्तू श्रीमंतांच्या टेबलावर होती ती जॅमच्या बरणीतून कामगाराच्या मुलाच्या पावावर आली. उपचार म्हणून हाती काय होते? मुख्यतः चिमटा. १८७० नंतर पायाने चालवायचे यंत्र आले, १८७५ साली विजेवर चालणाऱ्या यंत्राचा शोध लागला. पण दात बधिर करणारे सुरक्षित इंजेक्शन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापूर्वी नव्हते.

त्या काळातील मुलाच्या दातदुखीचे चित्र पाहायचे असेल तर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी थॉमस मान याची १९०१ साली प्रसिद्ध झालेली 'बुडेनब्रोक्स' ही कादंबरी उघडावी. एका व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांच्या ऱ्हासाची ही कहाणी. तिच्यातील शेवटचा वारस हान्नो हा हळवा, संगीतवेडा मुलगा आहे आणि त्याचे दात जन्मापासूनच कमजोर आहेत. दंतवैद्य ब्रेख्त यांच्या दिवाणखान्यात एक पोपट आहे, त्याचे नाव योसेफुस. तिथे वाट पाहत बसलेल्या मुलाची भीती मानने फार बारकाईने लिहिली आहे. पुढे हान्नोचे वडीलही दात काढण्याच्या एका फसलेल्या प्रयत्नानंतर रस्त्यात कोसळतात आणि मरतात. घराण्याचा ऱ्हास दातांतून दाखवणे ही मानची युक्ती प्रभावी आहे यात वाद नाही. परंतु आम्हांला तिच्यात एक धोका दिसतो. हान्नोचे दात वाईट आहेत, कारण त्याचे घराणे संपत आले आहे : म्हणजे दात हे दैव झाले. सुसान सोंटॅग यांनी १९७८ साली 'इलनेस अ‍ॅज मेटॅफर' या पुस्तकात क्षय आणि कर्करोग यांच्या संदर्भात हेच बजावले होते, की रोगाला रूपक करून टाकले की त्याचे ओझे रोग्यावर पडते. मुलाच्या किडलेल्या दातालाही आपण असेच अर्थ चिकटवतो. 'आमच्या घराण्यातच दात वाईट', 'आईचे लक्ष नाही', 'पोर हट्टी आहे'. या वाक्यांत दुखणाऱ्या मुलासाठी जागा नसते.

४

दातात किडे नाहीत हे ठरल्यावर मग दात किडतो कसा, याचे पटेल असे उत्तर मिळायला आणखी दीडशे वर्षे लागली. विलोबी डेटन मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होता आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतील नवे जीवाणुशास्त्र त्याने आत्मसात केले होते. १८९० साली इंग्रजीत आलेल्या त्याच्या ग्रंथात त्याने मांडले, की तोंडातील जीवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळवते. किडा परत आला, पण फार लहान होऊन आणि वेगळी भूमिका घेऊन. तो दात खात नाही. तो आपण खाल्लेली साखर खातो, आणि दात त्याच्या आम्लाने झिरपतो. लाळ ही झीज सतत भरून काढत असते. आम्लाचे हल्ले वारंवार होऊ लागले की लाळेला सवड मिळत नाही आणि पारडे फिरते. दुधाच्या दाताचे कवच कायमच्या दाताच्या मानाने बरेच पातळ असते, त्यामुळे तिथे हे सगळे लवकर घडते.

या सिद्धान्तातून उपचार मात्र वेगळ्याच दिशेने गेला. अमेरिकेतील ग्रीन वार्डिमन ब्लॅक याने १९०८ सालच्या आपल्या ग्रंथात दात कोरून भरण्याचे नियम घालून दिले. किडलेला भाग तर सगळा काढायचाच. शिवाय पुढे कीड लागू शकेल अशा खाचांपर्यंत चांगला दातही कोरून घ्यायचा आणि मग चांदी भरायची. शेतकरी कीड लागलेल्या झाडाभोवतीची झाडेही तोडतो, तसाच हा विचार आहे. जीवाणूंचे शास्त्र नवे होते, पण यंत्र धरणाऱ्या हाताच्या मनात अजून जुना किडाच होता, असे आम्हांला वाटते. तो उपसून काढल्याखेरीज बरे वाटणार नाही, ही धारणा पुढली सत्तर-ऐंशी वर्षे टिकली.

मुलांपर्यंत हा उपचार नेण्याचे काम शाळांनी केले. स्ट्रासबुर्ग येथे एर्न्स्ट येस्सेन याने १९०२ साली शाळकरी मुलांसाठी दंतचिकित्सालय उघडले. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९०७ साली तसे केंद्र निघाले. सर्वांत धाडसी प्रयोग न्यूझीलंडचा. थॉमस हंटर याच्या पुढाकाराने तेथे १९२१ साली शालेय दंतसेवा सुरू झाली. दंतवैद्य पुरेसे नव्हते, म्हणून तरुण मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन शाळाशाळांत नेमण्यात आले. गरीब-श्रीमंत हा भेद न करता मुलांचे दात तपासायचे, भरायचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. लोककल्याणाच्या दृष्टीने या योजनेचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण ज्या मुलांसाठी ती होती, त्यांनी शाळेच्या आवारातील त्या टुमदार खोलीला नाव ठेवले ते 'खुनाचे घर'. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. अहवाल लिहिणारे मोठे असतात. मुलांचा अहवाल त्यांच्या ठेवलेल्या नावांत असतो, आणि तोही इतिहासाचे साधन मानायला हवा.

याच सुमारास बोस्टन येथे एक वेगळी वाट दिसली होती. तेथील फोर्साइथ इन्फर्मरी हे १९१४ साली उघडलेले रुग्णालय गरीब मुलांच्या दातांसाठी होते. तेथील पर्सी हाउ याने १९१७ साली चांदीच्या क्षाराचे द्रावण किडलेल्या जागी लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र न फिरवता कीड थोपवण्याचा हा प्रयत्न होता. भारताचा या संस्थेशी एक धागा जुळतो. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी अमेरिकेत शिक्षण घेतल्यावर काही काळ याच फोर्साइथमध्ये मुलांच्या दातांवर काम केले. मायदेशी परतल्यावर १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातील पहिले दंतमहाविद्यालय काढले, आणि देशातील दंतवैद्यांचा व्यवसाय १९४८ सालच्या कायद्याच्या चौकटीत आणण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. हाउची पद्धत मात्र यंत्रे सुधारत गेली तशी मागे पडली. ती दात काळा करते, हेही एक कारण होतेच. या काळेपणाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

५

साखर आणि दात यांचा संबंध नेमका कसा आहे, हे सिद्ध करणारा सर्वांत मोठा प्रयोग स्वीडनमध्ये झाला, आणि तो वाचताना मान खाली जाते. लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म येथे मतिमंद म्हणून ठेवलेल्या माणसांची संस्था होती. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तेथील रहिवाशांच्या आहारावर प्रयोग करण्यात आले. काही गटांना मुद्दाम दाताला चिकटून राहतील अशा टॉफ्या दिल्या गेल्या. एका गटाला दिवसाला २४. कोणाची संमती घेतली गेली नाही. ती देण्याच्या स्थितीत ती माणसे नव्हती. अनेकांचे दात कायमचे गेले. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट स्वरूपात, जेवणाच्या मधल्या वेळेत खाल्ली, यावर दातांचे भवितव्य अधिक अवलंबून असते, हे त्यातून कळले. स्वीडनमधील मुलांना मिठाई फक्त शनिवारी देण्याची जी चाल आहे, तिच्यामागे हे ज्ञान आहे. आज कुठलाही दंतवैद्य आईला सांगतो, 'चॉकलेट द्यायचेच तर जेवणानंतर एकदा द्या, दिवसभर चघळू देऊ नका, झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवू नका.' हे साधे वाक्य ज्यांच्या दातांची किंमत देऊन मिळाले, ती माणसे निनावी आहेत.

फ्लोराइडची कथा याहून निर्मळ, पण तीही सरळ नाही. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ साली अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी आला, तेव्हा तेथील मुलांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. हे डागाळलेले दात किडत मात्र कमी होते. डागांचे कारण पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ साल उजाडले. मग उलटा विचार सुरू झाला : डाग पडणार नाहीत पण दात टिकतील, एवढेच फ्लोराइड पाण्यात असले तर? २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मिसळण्यास सुरुवात झाली, आणि अकरा वर्षांनी, त्यानंतर जन्मलेल्या मुलांतील दंतक्षय साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. फ्लोराइड झिजलेल्या कवचाची पुन्हा भर होण्यास मदत करते. पुढे टूथपेस्टमधून ते घरोघर पोचले.

महाराष्ट्रातील वाचकाला या कथेची दुसरी बाजू सांगायलाच हवी. १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात विहिरींच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे माणसांची हाडे ताठरून वाकल्याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत भूजलात फ्लोराइड मर्यादेहून जास्त आहे. एके ठिकाणी जे औषध म्हणून पाण्यात घालावे लागते, तेच दुसरीकडे पाण्यातून काढून टाकावे लागते. तेव्हा परदेशी पुस्तकातील उपाय जसाच्या तसा आपल्या गावाच्या आडात टाकता येत नाही, हा धडा साहित्यसमीक्षेइतकाच येथेही लागू आहे.

६

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांच्या दातांवरील उपचारांत जे वळण आले, त्याला आम्ही रूपकाचा पराभव म्हणू. १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात, जिथे वीज आणि यंत्रे नव्हती तिथे, हाताच्या हत्यारांनी फक्त मऊ झालेला भाग खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत वापरात आली. स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाई त्याच दशकाच्या शेवटापासून मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर पोलादी टोपी बसवत होत्या. ही टोपी १९५०पासून प्रचारात होती. हॉल बाईंनी वेगळे केले ते एवढेच, की टोपी बसवण्यापूर्वी त्यांनी कीड काढलीच नाही. इंजेक्शन नाही, यंत्र नाही. टोपीत सिमेंट भरायचे आणि ती दाढेवर दाबून बसवायची. पुस्तकी शिक्षणाच्या दृष्टीने हा अधर्मच. २००६ साली त्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि पाठोपाठ डंडी येथील संशोधकांनी १३२ मुलांवर रीतसर तुलना केली. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा टोपीखालच्या दाढांपैकी सुमारे ३ टक्के दाढांत दुखणे-गळू असा मोठा बिघाड आढळला, तर नेहमीच्या पद्धतीने भरलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के दाढांत.

आत सोडलेल्या किडीचे झाले काय? तिची उपासमार झाली. टोपीमुळे साखरेचा पुरवठा बंद झाला आणि जीवाणूंचे काम थांबले. शत्रूला बाहेर ओढून मारण्याची गरज नव्हती. बॅबिलोनियातील किड्याने देवांकडे अन्न मागितले होते, तेव्हा त्याच्या गोष्टीचा शेवट अन्न तोडण्यानेच व्हावा, हे कथेच्या दृष्टीनेही बरे जमले.

दुसरा उपाय जपानचा, म्हणजे 'मुशिबा'च्या देशाचा. हाउचे चांदीचे द्रावण आणि फ्लोराइड यांचा संयोग करून ओसाका येथील संशोधकांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड पुढे आणले. त्याचा एखादा थेंब किडलेल्या जागी लावायचा. चांदी जीवाणू मारते, फ्लोराइड दात घट्ट करते. वर्षातून दोनदा लावले तर बहुतेक ठिकाणी कीड थांबते. अमेरिकेने २०१४ साली दातांच्या संवेदनशीलतेवरील उपाय म्हणून त्याला परवानगी दिली, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. दाताच्या गाभ्यापर्यंत रोग पोचला, गळू झाले, तर मात्र या दोन्ही उपायांचा उपयोग नाही. तिथे गाभ्यावरचा उपचार किंवा दात काढणे हाच मार्ग उरतो. आमची पहिली दाढ अशीच गेली.

आणि हे औषध किडलेली जागा काळी कुळकुळीत करते. पालक नको म्हणतात ते यामुळे. आमच्या घरीही दुसऱ्या दाढेसाठी डॉक्टरांनी हा उपाय सुचवला, तेव्हा पहिला प्रश्न 'हसल्यावर दिसेल का?' हाच निघाला. उत्तर आजींनी दिले. त्यांच्या आजीचे सगळे दात काळे होते, आणि ते तिने हौसेने केले होते. जुन्या महाराष्ट्रात सुवासिनी दातवण लावून दात काळे करत. काळे दात हे सौभाग्याचे लेणे होते. जपानमध्येही विवाहित स्त्रिया लोखंडाच्या द्रावणाने दात काळे करत, आणि १८७० साली तेथील सरकारने सरदारघराण्यांना ती चाल बंद करायला लावली. म्हणजे दात शुभ्रच हवा ही आपली सौंदर्यदृष्टी फारशी जुनी नाही. आजी म्हणाल्या, "मागची दाढ आहे, कोण बघायला बसलंय? पोरीचं रडणं थांबलं पाहिजे." दुधाचा दात पडायचाच आहे असे म्हणणाऱ्याही त्याच होत्या. त्यांनी मत बदलले याचे श्रेय आमच्या वाचनाला नाही. त्या पहाटेच्या सुजलेल्या गालाला आहे.

७

'दुधाचाच दात, पडायचाच आहे' हे वाक्य किड्याच्या रूपकाइतकेच जुने असावे आणि त्याहून अधिक नुकसानकारक आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे. पण दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहायच्या असतात. त्या मुलाला घास चावू देतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ आपोआप पडेल म्हणून वाट पाहणे म्हणजे मुलाला पाच-सहा वर्षे ठणका सोसायला सांगणे. शिवाय सहाव्या वर्षी अगदी मागे जी दाढ उगवते, ती कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाही, ती कायमचीच असते. तीही अनेक घरांत दुधाची समजून दुर्लक्षिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगातील ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. 'पडायचाच आहे' हे वाक्य त्यांतल्या किती घरांत, किती भाषांत उच्चारले जात असेल!

या वाक्यामागे एक तत्त्वज्ञान दडलेले आहे, ते असे की जे टिकणार नाही त्याच्या दुखण्याची दखल घेण्याचे कारण नाही. बालपणही टिकणार नसते. आपल्या साहित्यात बालपणाच्या निरागसतेवर पुष्कळ लिहिले गेले, पण मुलाच्या शरीराला होणाऱ्या साध्या, रोजच्या वेदनेवर त्या मानाने किती थोडे! दातदुखी हा तर आपल्याकडे विनोदी लेखनाचा विषय. मोठा माणूस गाल धरून बसला की हसू येते. मूल गाल धरून बसले की आपण त्याला लवंगेच्या तेलाचा बोळा देतो आणि पुन्हा कामाला लागतो.

भाषेतून 'कीड' काढून टाकावी असे आम्ही सुचवत नाही. शब्द असे काढता येत नाहीत, आणि इतका बोलका शब्द गमावण्यात शहाणपणही नाही. मात्र तो वापरताना आपण काय गृहीत धरतो, याचे भान ठेवता येईल. कीड बाहेरून येत नाही. ती आपल्या बाटलीतल्या साखरेच्या दुधातून, दिवसभर हातात दिलेल्या बिस्किटांतून पोसली जाते. ती प्रत्येक वेळी कोरून काढावी लागत नाही. ती थांबवता येते. त्यासाठी ती वेळेवर पाहावी लागते, म्हणजे मुलाचे तोंड उघडून उजेडात पाहावे लागते. पहिला दात येताच फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा दात घासायचे, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची, आणि पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात आधी दंतवैद्याला विचारायचे, एवढी साधी ही गोष्ट आहे.

आमच्या घरच्या मुलीची दुसरी दाढ आता काळी आहे आणि ठणकत नाही. गेल्या महिन्यात तिचा पुढचा दात पडला, तेव्हा आजींनी तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायचा म्हणून सांगितले. आमच्या इमारतीला कौले नाहीत आणि शेणही मिळाले नाही, म्हणून गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीत तो पुरला. काळी दाढ कधी पडणार, असे तिने विचारले. अजून चारपाच वर्षे तरी ती सांभाळायची आहे, असे आम्ही तिला सांगितले.